पितळेवरची राप

व्हर्जिल स्ट्राउडने ते रिव्हॉल्वर घेतलं, तेव्हा त्याचं पितळ नव्या भांड्यासारखं चकचकीत होतं. यादवी युद्धाच्या काळातल्या हत्याराची ती नवी नक्कल. पण सुटीच्या दिवशी टेनेसीच्या माळावर हौसेने जुन्या लढाया वठवणारी त्यांची पलटण असल्या चकाकीची टर उडवायची. मग त्याने ते कधीच घासलं नाही. हाताचा घाम, बंदुकीच्या दारूचा धूर, वर तेलाचा बोळा. होता होता पितळेवर काकवीसारखी गडद राप चढली. सोबती एकेक करून गेले, कुणी मातीत, कुणी मुलांकडे फ्लोरिडाला. व्हर्जिलने लग्न केलं नव्हतं. त्याला राप तेवढी उरली.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याने कपाट उघडलं, तर पितळ लखलखत होतं. चापाभोवतीच्या कडीत पांढरी पूड अडकली होती. तिला अमोनियाचा उग्र वास येत होता. घरात पॉलिशची डबीसुद्धा नव्हती.

शेजारची लोर्ना मक्याचा पाव घेऊन आली, तेव्हा त्याने तिला ते दाखवलं.

"अगं बाई, उजळलं की! आधी नुसतं गंजकं दिसायचं."

"गंज नव्हे तो. आणि हे मी केलेलं नाही."

"मग काय उंदरांनी केलं?" ती हसली. मग त्याचा चेहरा पाहून तिने पाव खाली ठेवला. "व्हर्जिल, वेळेवर जेवतोस ना रे? एकदा डॉक्टरला दाखव बघू."

त्याने दाखवलं. डोकं शाबूत निघालं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. त्याने खिडक्या तपासल्या, कपाटाला नवं कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. कुलपाआडही पितळेवर साधा डाग पडेना. मग दारांच्या मुठी उजळल्या. मग दिव्याची बैठक.

भीती किती दिवस पुरणार? एके दिवशी जुन्या बाजारातून त्याने काळवंडलेली मेणबत्तीदाणी आणली आणि टेबलावर ठेवून दिली. सकाळी ती झळझळत होती.

"छान झालीय," तो म्हणाला. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी बोललं होतं.

नोव्हेंबरात थंडी वाढली. दुपारी पलटणीचा निळा लोकरी कोट अंगावर चढवून तो शेगडीजवळच्या खुर्चीत टेकला. डोळा लागला.

उग्र वासाने जाग आली. ऊन अजून खिडकीतच होतं. त्याने मान न हलवता खाली पाहिलं.

कोटाची वरची दोन पितळी बटणं लखलखत होती.

तिसऱ्यावर पांढरा लेप होता. ओला.

बटणाभोवतीचं कापड जरासं पुढे ओढलेलं होतं, चिमटीत धरल्यासारखं.

व्हर्जिलने हळूच डोळे मिटले आणि छाती फार हलू नये असा, बेताबेताने श्वास घेत राहिला.