प्रतिभावपट्टीची परीक्षा

प्रयोगशाळेत आज कुणाला धड चहा प्यायलाही सवड नव्हती. मनगटावर बांधायची प्रतिभावपट्टी मंजूर व्हायची की तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची, ते परीक्षक डॉ. वैरागडे साडेदहापर्यंत सांगणार होते.

"थोडक्यात सांगा," ते म्हणाले.

"सोपं आहे, सर!" पट्टी बनवणाऱ्या डॉ. शलाका बोंद्रे म्हणाल्या. "आता नाडी मोजणारं घड्याळ प्रत्येकाच्या हातात असतं. तुमचे शब्द कुणी ऑनलाइन वाचले, की त्याची धडधड त्या घड्याळातून तुमच्या पट्टीत येते. त्याला लागलं, तर तुम्हालाही तेवढंच लागतं."

वैरागड्यांनी पट्टी चढवली आणि आपल्या सचिवाला लिहिलं, 'फाईल अजून नाही? झोपा काढता का?' पाचच सेकंदांत "आई गं!" म्हणत ते खुर्चीतून उठले.

"अहो, हे तर मी रोज लिहितो!" ते मनगट चोळत म्हणाले. शलाकाबाईंना तर नाचावंसं वाटत होतं.

इतक्यात शलाकाबाईंचाच हात ताडकन उडाला. त्यांनीही पट्टी बांधली होती, पण सकाळपासून कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"म्हणजे बिघाड," वैरागडे म्हणाले. "न लिहिता चटका देणारी पट्टी मी लोकांच्या हातात देणार नाही."

झालं! सगळं ओम फस.

"थांबा साहेब, थांबा!" संगणकासमोर बसलेला शलाकाबाईंचा सहकारी फिरोज मुलाणी ओरडला. "पट्टी लिहिण्यावर चालतच नाही, वाचण्यावर चालते! मॅडमचं जुनं काहीतरी कुणीतरी आत्ता वाचतंय. हे बघा!"

पडद्यावर सहा वर्षांपूर्वीची प्रतिक्रिया उमटली. निर्मला कडू नावाच्या शिक्षिकेच्या व्हिडिओखाली शलाकाबाईंनी लिहिलं होतं, 'बाई, आधी धड बोलायला शिका, मग शिकवा.' चारशे लोक हसले होते. शलाकाबाई ते साफ विसरल्या होत्या.

"आत्ता वाचतायत त्या याच निर्मलाबाई. आजवर त्यांनी ती तेराशे वेळा उघडलीय," फिरोज म्हणाला. "बहुतेक वेळा शाळा भरायच्या आधी."

"मंजूर!" वैरागड्यांनी टेबलावर थाप मारली. "अगदी अचूक आहे तुमची पट्टी!"

शलाकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुसून टाकू का, मॅडम?" फिरोजने विचारलं.

"पुसून माझा हात बरा होईल रे. त्यांचं काय?"

त्यांनी भराभर लिहिलं, 'निर्मलाताई, मी चुकले. उगाच शहाणपणा केला. माफ करा.' आणि पाठवून दिलं.

संदेश उघडल्याची खूण आली आणि मघापेक्षा दुप्पट चटका बसला. पाठवणारीचं नाव बघूनच निर्मलाताईंच्या छातीत धस्स झालं होतं.

फिरोज पट्टी सोडायला धावला. शलाकाबाईंनी त्याला हातही लावू दिला नाही. डोळ्यांत पाणी, आणि पडद्याकडे वाकून त्या ओरडत होत्या, "अहो ताई, पुढे वाचा! पुढे वाचा ना!"