अस्थिभस्माचा साचा

चंद्रावरच्या वसाहतीतल्या काचभट्टीत मुताचा वास यायचा. हेमांगी कुलथेच्या नाकाला तो अजून सवयीचा झाला नव्हता. पृथ्वीवरून नुकत्याच आलेल्या डॉ. फिलोमिना डाबरे तर दारातच थबकल्या.

"शी! काच ओतायच्या साच्याला दुसरं काही मिळालं नाही?"

"चांद्रमाती वापरून पाहिली. ती आणि काच एकाच जातीची, तापली की एकमेकींत मुरतात. अॅल्युमिनाचा साचा चिकटत नाही, पण गार होताना काच आकसते आणि तो हटत नाही, खिडकीला तडा. भट्टीत टिकेल आणि नंतर काचेपुढे भुगा होईल, असा साचा हवा. ते अस्थिभस्मच करतं."

"आणि ते संडासातून."

"इथं गुरुत्व कमी. भार नाही म्हणून हाडं झिजतात, त्यातलं खनिज लघवीतून जातं. पाणी शुद्ध करून उरलेला गाळ मी भाजते. साचा फोडल्याशिवाय काच निघत नाही, त्यामुळे दर खिडकीला नवा लागतो."

फिलोमिनांनी भिंतीशी रचलेल्या पोत्यांकडे पाहिलं. "एवढी?"

"हल्ली दुप्पट येतंय. मीच वाढवून मागितलं होतं."

"माणसं वाढली?"

"नाही."

डॉक्टरीणबाई पोत्यांपासून वळल्या. त्या हेमांगीच्या नवऱ्याला, जयवंतला, तपासून आल्या होत्या. डब्याचं झाकण पिळताना त्याचं मनगट मोडलं होतं.

"बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "त्याची हाडं खडूसारखी झालीत. आणि तुझी? काल तपासली. ठणठणीत! दोघं एकाच ताटात जेवता, अस्थिरक्षक गोळ्याही सारख्याच घेता ना?"

"सारख्याच. फक्त डब्या वेगळ्या येतात, ज्याच्या त्याच्या नावाच्या."

हेमांगीने पोत्यांकडे पाहिलं. हातावरची पांढरी भुकटी तिने झटकली आणि ती कुणाची असेल, हा विचार येताच हात अंगापासून लांब धरले.

वसाहतप्रमुख विश्राम सोनटक्के बोलावल्यावर लगेच आले. त्यांनी काही लपवलं नाही.

"घुमटाच्या खिडक्यांना धुळीचे ओरखडे पडतात, बदलायला नकोत? भस्म वाढावं म्हणून लोकांच्या गोळ्या साखरेच्या केल्या. मनगटं जुळतात, फुटलेला घुमट जुळत नाही."

"घुमटाला लोखंडी पत्रा लावा! अंधारात राहू."

"अंधारात माणसं वेडी होतात, कुलथेबाई."

"मग माझ्या गोळ्या खऱ्या का?"

"कारागिराचा हात मोडून कसं चालेल?" सोनटक्के समजुतीच्या सुरात म्हणाले.

हेमांगीने भट्टीजवळचा ओला साचा उचलून जमिनीवर आपटला. त्याचा लगदा सोनटक्क्यांच्या बुटांवर उडाला.

"मी आजपासून एकही खिडकी ओतणार नाही."

सोनटक्क्यांनी बूट पुसले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, "यांचं नाव साखरेच्या यादीत घाला. आता या कारागीर नाहीत."