खेकड्याचा आळ

"जेवा राणीसाहेब, आधी तुम्ही जेवा. डुकरीण चावली तुम्हाला आणि उपास घडले आम्हाला," असं म्हणत म्हाताऱ्या नानाय साबेलने भाताचं ताट थोरल्या लेकीपुढे असं आदळलं, की वरची सुकी मासळी उडून बांबूच्या जमिनीवर पडली.

पुरिंगने मासळी उचलली, पुसली आणि खाली मान घालून ती डाव्या हाताने खाऊ लागली. घास गिळवत नव्हता, तरी खात होती... कारण गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर पोटात ढवळतं, असं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीने बजावलं होतं. गावच्या सणासाठी पोसलेल्या डुकरिणीने तिचा उजवा पंजा फोडला होता. तो भोपळ्यासारखा सुजला आणि मनगटावरून लाल रेघ वर चढू लागली, तेव्हा कुठे ती केंद्रात गेली. डॉक्टरणीने जखम धुतली, सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. या एका गोळीत दोन औषधं आहेत, तिने समजावलं होतं. एक जंतूंना मारतं आणि त्यांनी आपल्यापुढे धरलेली ढाल दुसरं मोडतं. हात बरा दिसू लागला म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, पुढच्या दुखण्यासाठी राखायच्या नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला द्यायच्या तर मुळीच नाहीत.

हे शेवटचंच त्या घराला झोंबलं होतं.

आमच्या पानाय बेटाच्या किनाऱ्यावर औषध डॉक्टरला विचारून थोडंच घेतात. शेजारणीला विचारून घेतात. एकाला जे मानवलं ते त्याच्या रक्ताच्या सगळ्यांना मानवणार, अशी श्रद्धा. हियांग म्हणतात त्याला. वाण्याच्या खिडकीत रिकामं पाकीट दाखवलं की मीठ-साबणासारखी गोळीही सुटी मिळते. पुरिंगच्या हाताची सूज उतरताना सगळ्यांनी पाहिली होती. म्हणजे गोळी घराण्याला मानवली होती. आणि धाकटा भाऊ तेरयो किडलेल्या दाढेने कण्हत पडला होता, त्याचा गाल उतू आलेल्या भातासारखा फुगला होता. असं असताना थोरली बहीण पाकीट ब्लाउजमध्ये खोचून हिंडत होती, याला काय म्हणायचं?

तेरयोची बायको फिना तिला मनांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणे आणि येताजाता ऐकवत असे. खेकडे सोलायच्या शेडवर ती बायकांना सांगे, की आमच्या मनांगचा हात बरा झालाय, पण मूठ काही उघडत नाही. बायका हसत. नानायही त्यात आपली भर घाली. तिचा राग जुना होता. आन्सेल्मोसारखा भला माणूस पुरिंगला लग्न करून मनिलाला न्यायला तयार झाला होता. ठरल्या दिवशी तो धक्क्यावर बोट सुटेपर्यंत उभा राहिला, आणि ही गेलीच नाही. का गेली नाही ते कधी सांगितलंही नाही. नुकतेच पोरांचे टाटाय, म्हणजे बाप, समुद्रात बुडालेले, घरावर छप्पर धरायला कुणी नाही, आणि कार्टीने चालून आलेलं सुख लाथाडलं! तेव्हापासून मायलेकींच्या बोलण्यात गोड शब्द असा उरलाच नव्हता. पुरिंगचे केस पांढरे झाले, तरी त्या एका दिवसाचा हिशेब नानाय मागतच होती.

तेरयोच्या बाबतीत तर पुरिंग आणखीच वैरीण ठरली होती. त्याला ताप आला, फोड आला, की ही पहाऱ्याला हजर. कुणी कसली गोळी आणली की हिसकावून नाव विचारणार, सुया टोचणारा घरी आला तर जिन्यातून परतवणार. आणि खेकडा तर तिने त्याला जन्मात चाखू दिला नव्हता. लहानपणी खेकडा खाल्ला आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, मरता मरता वाचला, अशी ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. खेकड्यांवर पोट भरणारा तेरयो सणाच्या पंगतीत वांगी चिवडत बसे आणि मित्र त्याला नखरेल जावई म्हणून चिडवत.

सणाच्या आदल्या दिवशी, पुरिंग डुकरिणीला कोंडा घालून जिना चढत होती, तेव्हा तिला आतून नानायचा आवाज ऐकू आला. मऊ, लाडाचा आवाज... जो तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. "घे रे तोतो, बाळा. ती अंघोळीला गेली तेव्हा काढून ठेवली मी. पेजेबरोबर घे. बहिणीला मानवली, तुलाही मानवेल."

गोळी तेरयोच्या ओठांपाशी होती. पुरिंगने धावत जाऊन बांधलेल्याच हाताने त्याच्या मनगटावर फटका मारला. पेज सांडली, वाटी गडगडली आणि गोळी बांबूच्या फटीतून घराखाली डुकरिणीपुढे जाऊन पडली.

क्षणभर खाली तिचं मिटक्या मारणं तेवढं ऐकू येत होतं. मग नानाय उठली आणि तिने पुरिंगच्या थोबाडीत मारली.

"डुकरिणीला चालेल, पण भावाला नको. कसलं काळीज गं तुझं?" ती धापा टाकत म्हणाली. "ऊठ, चालती हो या घरातून. शेडमध्ये नीज, नाहीतर समुद्रात जा."

"जाते," पुरिंग म्हणाली. आईला ती नुसतं 'नाय' म्हणत असे. "पण याला आधी डॉक्टरकडे न्या, नाय. पाया पडते."

"डॉक्टर कशाला? हे काय," फिनाने केरातून उचललेलं रिकामं पाकीट दाखवलं, "वाण्याकडे हीच मिळते. मनांगच्या भिकेची गरज नाही आपल्याला." आणि ती जिन्याकडे निघाली.

पुरिंग जिन्यात आडवी उभी राहिली. फिनाने ढकललं, तरी हलली नाही. हातावरची पट्टी रक्ताने भिजत होती. इतकी वर्षं जे ओठांच्या आत ठेवलं, ते आता ठेवलं तर भाऊ जाणार होता... आणि बाहेर काढलं तर आई. म्हातारीच्या त्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहताना तिचं काळीज तुटत होतं.

"तो खेकडा नव्हता, नाय," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही.

"लहानपणी तेरयो सुजला ना, तो खेकड्याने नाही. त्याच्या पायाला गळू झालं होतं. सकाळी टोचणाऱ्याला बोलावून त्याला सुई दिलीत, आणि तुम्ही टाटायच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीचं सामान आणायला गेलात. घटकाभरात त्याचे ओठ सुजले, श्वास अडकला. मी त्याला होडीत घालून शहरात नेलं. ते पेनिसिलिन होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिलंत तर माझ्यापर्यंत पोचणार नाही पोर. आणि माझ्या गोळीतलं एक औषध त्याच जातीचं आहे."

"खोटं," नानाय म्हणाली. "गोळी लपवायला आता आईवर घालतेस? सुई मी दिली म्हणून..." 

तेरयो भिंतीला टेकून, गाल धरून, एकदा आईकडे, एकदा बहिणीकडे पाहत होता.

नानायची नजर दूर कुठेतरी लागली. नवरा समुद्रात गेला तेव्हा तिनेच दंडक घातला होता, की चाळिसावा होईपर्यंत या घरात समुद्रातलं काही शिजणार नाही. ज्या पाण्यात तो तळाशी पडलाय, तिथला खेकडा कुणाच्या तोंडी जायचा नाही. शेजाऱ्यांनाही तिने दारातून परत पाठवलं होतं.

"चाळिसाव्याच्या आत..." ती पुटपुटली. "घरात मिठाशिवाय समुद्रातलं काही नव्हतं. मग खेकडा आला कुठून?" ती मटकन खाली बसली. "मला ठाऊक होतं गं. कुठेतरी आत ठाऊक होतं. विचारायची भीती वाटली... तू खेकडा म्हणालीस, मी खेकडा धरून बसले."

मग तिने हळूच विचारलं, "तो दिवस... बोटीचाच ना?"

पुरिंगने मान हलवली. "परत आले तेव्हा बोट गेली होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"टाटाय नुकतेच गेले होते, नाय. तुम्ही रात्रंदिवस पाण्याकडे बघत बसायचात. हे कळलं असतं तर तुम्हीही पाण्यात गेला असतात."

फिनाच्या हातातलं पाकीट केव्हाच गळून पडलं होतं. तेरयो उठला, जिन्याशी आला आणि बहिणीचा रक्ताळलेला हात आपल्या फुगलेल्या गालाला लावून लहान पोरासारखा रडला. नानायने ओरडून होडी काढायला सांगितली, आणि दोघांबरोबर ती स्वतःही होडीत चढली.

केंद्रात डॉक्टरणीने पुरिंगकडून सगळं ऐकून घेतलं. तिने तेरयोला वेगळ्या जातीचं औषध दिलं, दाढेसाठी शहरात पाठवलं, आणि सांगितलं की यापुढे कुठल्याही दवाखान्यात आधी पेनिसिलिनचं नाव घ्यायचं, मग दुखणं सांगायचं. खेकड्याचं विचारलं तेव्हा ती हसली. बिचाऱ्या खेकड्याने काय केलंय, म्हणाली. फक्त गाल उतरू दे. मग पुरिंगला नवी पट्टी बांधून तिने तिच्या गोळ्यांची तूटही भरून दिली.

तेरयोचा गाल उतरेपर्यंत सण होऊन गेला होता. त्या दुपारी नानायने स्वतः भाताचा टोप उतरवला आणि वाफाळता खेकडा फोडला. नांगीतलं पांढरं मांस तिने काढलं. ते मुलाच्या ताटात जाईल असं सगळ्यांना वाटलं. तिने ते पुरिंगच्या भातावर ठेवलं, बाजूला पाण्याचा पेला ठेवला आणि तळहातावर गोळी धरून बसली.

"जेव, राणी," ती म्हणाली. "आधी तू जेव."

पुरिंगला घास दिसेना, डोळे इतके भरून आले. समोर तेरयो जन्मात पहिल्यांदा खेकडा चावत होता. दाढ गेलेल्या बाजूने गळणारा रस मनगटाने पुसत त्याने आणखी एक नांगी फोडली. मग त्याने बहिणीकडे पाहिलं.

"मनांग," तो म्हणाला, "आळ घालायचाच होता, तर वांग्यावर घालायचास."

नानायला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच, किती तरी वर्षांनी, तिने कमरेच्या फडक्याचं टोक पुढे करून लेकीचे डोळे पुसले. दुसऱ्या हातात गोळी तशीच धरलेली होती.