कानातला प्रश्न

बावीस वर्षं रोज रात्री आठ वाजता टीव्हीवरून अख्ख्या देशाला धारेवर धरणारा रॉस टिल्डन त्या सकाळी ओहायोतल्या एका आडगावच्या स्टुडिओत आला होता, आणि तोही पाहुणा म्हणून. दोन वर्षांपूर्वी वाहिनीने त्याला नारळ दिला, तेव्हापासून त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता न्यूयॉर्कच्या एका वाहिनीचा निरोप आला होता, की दहा मिनिटं बोला, जमलं तर शनिवारचा कार्यक्रम तुमचा. पठ्ठ्याने त्यासाठी नवा टाय घेतला होता.

स्टुडिओ कसला, खुराडंच ते. काळा पडदा, एक खुर्ची, एक कॅमेरा आणि ओल्या गालिच्याचा कुबट वास. अशा खोलीतून बोलणाऱ्याला प्रश्न विचारणारा दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा कानातल्या यंत्रात येतो. तिथली बाई, मार्लीन, कोटाला माईक लावताना एवढंच म्हणाली, की तो बस-ड्रायव्हरसुद्धा याच खुर्चीत बसला होता.

रॉसला अंधुक आठवलं. शाळेच्या बसमधली एक मुलगी हरवली होती, आणि याने ओळीने अकरा रात्री नाव घेऊन घेऊन त्या ड्रायव्हरची सालटी काढली होती. बाराव्या रात्री त्याला बोलायला बोलावलं आणि त्याने तोंड उघडताच त्याचा आवाज बंद केला. त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो इथे कॅमेऱ्याकडे बघत कितीतरी वेळ बोलतच राहिला. आठवड्याभरात त्याने गॅरेजमध्ये गळफास घेतला. मुलगी पुढे मावशीकडे सापडली. माफी मात्र कुणी मागितली नाही, कारण माफीला प्रेक्षक मिळत नाहीत.

मार्लीन दार ओढून गेली. कानात खरखर झाली.

"आवाज तपासतोय. नाश्त्याला काय खाल्लंत?"

आवाजाची पातळी बघायला सगळ्यांना हेच विचारतात. रॉसने सांगितलं, अंडी आणि बटाटे.

"मी काहीच खाल्लं नव्हतं... घशाखाली उतरेना."

कुणी नवखा दिसतोय, असं रॉसला वाटलं. पण मग जे प्रश्न सुरू झाले, ते काय सुरेख होते! पहिली नोकरी, चढती वर्षं, मग ती हकालपट्टी. मध्ये कुणी तोडत नव्हतं. गडी असा खुलला, की वेळेचं भान राहिलं नाही. शनिवार आपला झाला, असंच तो मनात म्हणत होता.

"त्या ड्रायव्हरचं नाव काय होतं?"

रॉस हसला, आणि हसता हसता थांबला. नाव आठवेना. त्याने दोन-तीन नावं चाचपून पाहिली. कानात कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

तेवढ्यात मार्लीनने दार उघडलं. न्यूयॉर्कने तुमचा भाग रद्द केला, ती म्हणाली. लाइन त्यांनी जोडलीच नव्हती. इतका वेळ तुम्ही कुणाशी बोलताय?

रॉसने घाईघाईने कानातलं यंत्र उपसलं. आवाज कानातच राहिला.

"नाव सांगा, मिस्टर टिल्डन... आणि मग उठा."

त्याने उठायचा प्रयत्न केला. पाय ऐकेनात.

"मार्लीन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्या माणसाचं नाव... काय होतं?"

ती वायर गुंडाळत होती. "माझी बहीण अकरा रात्री ते तुमच्या तोंडून ऐकत होती. तिचा नवरा होता तो." तिने दिवा मालवला. "मी नाही सांगणार."

दार लागलं. आत मिट्ट काळोख झाला.

"सावकाश आठवा..." कानाशी कुणीतरी म्हणालं. "मला आता कुठेच जायचं नाही."