अर्धंच लॉन कसं वाळलं

"विष टाकलं जी यानं! माह्या लॉनवर विष टाकलं!"

खासगी तपास करणाऱ्या सुमेधाताई आणि त्यांचा भाचा केदार हुडको कॉलनीत पोचतात न पोचतात, तोच रामाजींनी फाटकातच त्यांना गाठलं. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून म्हाताऱ्याचा सगळा जीव या लॉनमध्ये. आता फाटकाकडचं अर्धं लॉन वाळून पिवळं पडलं होतं. तुळशीकडचं मात्र हिरवंगार.

माळी शालिकराम मान खाली घालून उभा. रामाजींनी गल्लीभर बोभाटा केला होता. शेजारच्या ज्या चार घरी तो बागकाम करायचा, त्यांनीही त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. पोटावरच पाय!

"पुरावा काय?" ताईंनी विचारलं.

"याच्या थैलीत बाटली भेटली ना! आन् राग होताच. आखाडात गावाहून ट्रॉलीभर शेणखत आणलं, तर म्हणे, ताजं हाय, टाकू नका. मले शिकवून राहिला, शेतकऱ्याच्या पोराले!"

केदारने बाटली हुंगली. कडू वास. झालं, सापडला चोर, असं त्याला वाटलं.

"खत सगळ्या लॉनला पुरलं?" ताईंनी विचारलं.

"कुठचं पुरते, बाई!" रामाजींच्या पत्नी शकुबाई म्हणाल्या. "फाटकापासून टाकत गेलो, मधातच सरलं. वरून ह्या साळुंक्या! रोज सकाळी उकरून खाऊन राहिल्या."

"तुझं काय म्हणणं, शालिकराम?"

"नऊ वर्षं पाणी घातलं बाई. म्या कावून मारीन?" त्याचे डोळे भरून आले.

ताईंनी वाळकं गवत मुठीत धरून ओढलं. चटईसारखं अख्खं वर आलं.

"केदार, विषानं मेलं असतं तर मुळं जमिनीत राहिली असती. इथं मुळंच खाल्लीत. विषारी मातीत साळुंक्या रोज जेवायला येतात होय? आणि वाळलं कुठं? खत पडलं तेवढंच."

त्यांनी खुरप्यानं माती उकरली. पांढऱ्या, गोल वळलेल्या अळ्या वळवळू लागल्या.

"हुमणी! कच्च्या शेणात भुंगेरे अंडी घालतात. बाटलीतला कडू वास निंबोळीच्या तेलाचा, या अळ्यांवरच्या औषधाचा. हा बिचारा तुमचं लॉन वाचवायला बघत होता."

रामाजी मटकन खाली बसले. "अरे देवा! मंग विष तर म्याच आणलं, ट्रॉलीत भरून!"

मग म्हाताऱ्यानं ओंजळभर अळ्या उचलल्या.

"कुठं निघाले जी?" शकुबाईंनी विचारलं.

"चारी घरी. बोंब म्याच मारली होती ना!"

आणि रामाजी चप्पल न घालताच शेजारच्या फाटकाकडे निघाले.