पदरातलं घड्याळ

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. मला कोणाला पटवायचं नाही.

मी धम्मशीला. मलकापुरात एका दवाखान्यातल्या सेंटरवर सीटी स्कॅनचं मशीन चालवते. हे मागच्या उन्हाळ्यातलं आहे, तेही भर दिवसाचं. भुतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं कोण जाणे.

डोक्यात रक्तस्राव झालेला पेशंट आला की आम्ही हाताच्या शिरेतून डायचं औषध सोडून स्कॅन करतो. रक्ताच्या गाठीत पांढरा ठिपका दिसला, तर रक्त अजून झिरपतंय. पेशंट बिघडणार. ठिपका नसला तर घरच्यांना धीर द्यायचा.

त्याआधी अंगावरचे दागिने उतरवायचे. दाराबाहेर जो हात पुढे करेल त्याच्याकडे ते द्यायचे. आमच्याकडे एका पेशंटमागे अर्धं गाव येतं. कोणाकोणाला नातं विचारणार?

जानेफळच्या वच्छलाबाईंचे डूल मी असेच दिले. बाकड्यावरच्या एका म्हातारीने पदर पसरला, त्यात टाकले.

स्कॅनमध्ये ठिपका नव्हता.

संध्याकाळी त्यांचा मुलगा भागवत डूल मागायला आला. ती म्हातारी त्यांच्यातली नव्हतीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"माय गेली, मॅडम. डूल सापडले... आंघोळ घालतानी तिच्या कानातच होते."

मी ते माझ्या हातांनी उतरवले होते.

मग एक दिवस स्ट्रेचरवर माझे बाबाच आले. सोबत भाऊ रवी. मी आत मशीनची तयारी करत होते. सुई टोचायची म्हणून बाहेरच रवीने बाबांचं घड्याळ काढलं.

ठिपका नव्हता. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "वाचतील तुझे बाबा. रक्त वाढणार नाही."

मी तिथेच रडले.

बाहेर आले. रवीचे हात रिकामे होते.

"घड्याळ कुठंय?"

"त्या आजीजोळ देलं. पदर पसरला होता तिनं. काऊन?"

बाकड्यावर कोणीच नव्हतं...

गल्ली पाहिली. चहाची टपरी पाहिली. कोणीच नाही.

डॉक्टरांच्या हातापाया पडले, बाबांना अकोल्याला हलवा म्हणून. ते म्हणाले, "स्कॅन चांगला आहे. उगीच कशाला हलवायचं?" त्यांचंही बरोबरच होतं.

मग मी वॉर्डात बाबांचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरून बसले. घड्याळाच्या जागी कातडी गोरी राहिली होती, तिथेच. ती जागा मोकळी आहे तोवर बाबा आहेत, एवढंच मला कळत होतं.

"हात सोड वं माय. दुखून राह्यला."

"नाही सोडत, बाबा."

ते हसले. "लहानपणी बाजारात असाच धरत होती."

रवीने चहा आणला. मी घेतला नाही. डोळा लागू दिला नाही. मनगट सोडलं नाही.

दिवे लागायच्या वेळी... माझ्या बोटांखाली काहीतरी गार लागलं.

घड्याळाचा पट्टा होता.

बाबांचा हात जड झाला होता.

आता मी दागिने देण्याआधी प्रत्येकीला विचारते, "बाई, तुम्ही पेशंटच्या कोण?"

सगळ्याच म्हणतात, "घरचीच हाये मी."