मंजिष्ठी परकर

“अक्का, हा परकर पांढरा होता ना ग?”

तारेवरचा लाल परकर हातात घेऊन पद्मनाभ मोरीच्या दारात उभा राहिला, तशी धुणं पिळणाऱ्या गोदानं मान खाली घातली. कुवेंपुनगरात डॉक्टर म्हणून नाव कमावलेला, आतड्याच्या कर्करोगावर संशोधन करणारा तिचा धाकटा भाऊ. पण बोटं अजून लष्कर मोहल्ल्यातल्या रंगाऱ्याचीच! त्यानं कापड चिमटीत धरून उन्हाकडे केलं.

“सुम्ने, उगीच रंगवला रे. जुन्याचा नवा.”

“तारेवरचे पाचही? मंजिष्ठेचा लाल चढतो तो एकसारखा. खाली डाग असला तरच वरचा रंग काळवंडतो, हा इथं काळवंडलाय तसा. तूच शिकवलंस ना मला?”

गोदानंच शिकवलं होतं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून हाच पोर गाणं मागायचा आणि ती म्हणायची...

*रंग चढतो कापडा, तुरटीच्या ग पाण्यानं*
*माया चढते लेकरा, अक्काच्या ग गाण्यानं*

“किती दिवस रक्त जातंय, अक्का?”

“...वर्ष झालं असेल.”

“वर्ष! अय्यो! सरगूरपर्यंत खेडोपाडी हिंडून मी परक्या बायकांना विनवतो, लाजू नका, सांगा... आणि माझ्याच घरात!”

“कसं सांगू रे? न्हाऊमाखू घातलेलं पोर तू, तुझ्यापुढे कुठल्या तोंडानं...”

आणि मग, चाळीस वर्षं उरात दाबून ठेवलेलं तेही बाहेर पडलं. “पद्दू... अप्पांचे पंचेपण मीच रंगवत होते.”

पद्मनाभ धुण्याच्या दगडावर बसला.

गेल्याच महिन्यात, संशोधनासाठी घराण्यातल्या आजारांचा कागद पुढ्यात घेऊन त्यानं विचारलं होतं, अप्पा कशानं गेले? मूळव्याध, असं ती सहज बोलून गेली होती. सोळा वर्षांच्या पोरीकडून अप्पांनी वचनच घेतलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही, रोगाचं घर म्हणून पोरांची लग्नं व्हायची नाहीत! रंगारी आपलेच रंग नेसतो, असं मोहल्ला समजला. गोदाचं ठरलेलं लग्न मात्र तिनंच मोडलं, कारण आईविना चार वर्षांचा पद्दू तिच्याच कुशीत झोपायचा...

“आतड्याचा हा रोग रक्तातून उतरतो, अक्का. अप्पा, तू, आणि...”

पुढचं त्याला म्हणवेना. गोदाला मात्र ते ऐकू आलं. ज्याच्यासाठी सारा जन्म झाकून ठेवला, त्याच्याच जिवावरचं संकट तिनं झाकलं होतं! “अरे देवा! पद्दू, माझं राहू दे, आधी तुझं बघ रे!”

डॉक्टर नरसिंहमूर्तींनी दोघांनाही तपासलं. पद्मनाभच्या आतड्यात वाटाण्याएवढा कोंब निघाला. अजून बिघडला नव्हता, दुर्बिणीतूनच काढून टाकला. गोदाचं पोट उघडलं, गाठ काढली. पण रोग यकृतापर्यंत पोचला होता. वर्षभर आधी कळतं तर... नरसिंहमूर्तींनी वाक्य पुरं केलं नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी पद्मनाभ इस्पितळातल्या तिच्या खाटेशी येऊन बसला. “तुझी गाठ मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आम्हीपण रंगवतोच, अक्का. पातळ काप काढून रंगवतो, रोग दिसावा म्हणून.”

“आणि मी दिसू नये म्हणून रंगवत बसले.” ती क्षीण हसली, डोळे मात्र भरून वाहत होते. “माझ्यावर रागावलास रे?”

“मी माझ्यावरच रागावलोय. रोज तुझ्या हातचं जेवलो, पण तुझ्या तोंडाकडे कधी बघितलं नाही!” त्यानं तिच्या हातावर कपाळ टेकलं. “मला क्षमा कर, अक्का.”

तिनं त्याच्या पांढुरक्या केसांतून बोटं फिरवली. “तो कागद आणलायस? मूळव्याध खोड. खरं लिही. अप्पांच्या बहिणीचं, गंगाबाईंचंपण लिही. त्यापण अशाच गेल्या. खाली माझं नाव. आणि तुझ्या पोरांना सांग, लाजू नका म्हणावं.”

तो लिहीत राहिला. कागदावर टपटप थेंब पडत होते.

मग तिनं भावजयीला हाक मारली. “तुंगा, तो लाल परकर नको ग आता. पांढरं काहीतरी नेसव.”

“डाग दिसेल ना, अक्का...”

“दिसू दे,” गोदा म्हणाली. “आता दिसू दे.”